कडीसाहेबाचा कोट

कोर्टाच्या मागच्या अंगाला, नोंदणी विभागाच्या जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकत. आता तिथे एक लांब टेबल होतं, टेबलावर चौपदरी घोंगडी आणि वर जुनी पांढरी चादर. भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात खळीचं पातेलं. आणि या सगळ्यात सकाळी नऊपासून उभी असलेली त्रेचाळीस वर्षांची एक बाई. वकील मंडळी तिला इस्त्रीबाई म्हणत. ती त्यांचे काळे कोट, गाऊन आणि गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या इस्त्री करून देई.

कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काळ्या लोकरी कोटावर इस्त्री सरळ फिरवली की कापड चकाकतं आणि कोट भाड्याने आणल्यासारखा दिसतो. ती आधी कोट उलटा करी, अस्तराच्या बाजूने शिवणी दाबून घेई, मग सरळ करून वर ओलं फडकं टाकी आणि इस्त्री फिरवायच्या ऐवजी उचलून उचलून ठेवी. कॉलर सगळ्यात शेवटी. कोणाचा खटला बरा चालला आहे आणि कोणाचा नाही, हे तिला गाऊनच्या काखेवरून कळायचं. एकदा एका तरुण वकिलाचा गाऊन हातात घेऊन ती म्हणाली, “साहेब, तडजोड करून टाका.” त्याने खरंच केली.

आपला गाऊन होईपर्यंत वकील तिथेच स्टुलावर बसत आणि बोलत. बायकोपुढे तोंड मिटून बसणारा वकीलही इस्त्रीपुढे तोंड मिटत नाही. उलटतपासणीत काय विचारायचं, न्यायाधीश कोणत्या मुद्द्यावर कावतात, कुठला साक्षीदार कसा फुटला, सगळं तिच्या कानावरून जाई. तिला वाटे, जाऊ दे जातंय तेवढं. पण सगळंच जात नव्हतं. काही ती ठेवून घेत होती.

ती इथे कशी आली असं कोणी विचारलं तर ती म्हणे, “जागा रिकामी होती, आले.” हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिने डूख धरला होता. या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या चौथ्या दालनात, बावीस वर्षांपूर्वी तिच्या ताईला खोटी ठरवलं होतं. त्याच इमारतीत मी ठाण मांडून बसेन, असं तिने तेव्हाच मनाशी ठरवलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि एका शिंप्याकडे शिवणी दाबायच्या कामाला होती. इथली जागा मिळायला दोन वर्षं लागली.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती. धुतलेल्या चादरी जिथे वाळवत त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींतून वाफेचे पाइप गेलेले, आणि दाराला बाहेरून कडी, कारण कडी नसली तर दार आपोआप उघडून गरम हवा निघून जाई. तिथल्या सुपरवायझरने या कडीचा दुसरा उपयोग शोधून काढला होता. एखादी बाई उशिरा आली, उलटून बोलली, की तो तिला चादरी टांगायला आत पाठवी आणि मागून कडी सरकवी. “दहा मिनिटं. डोकं ठिकाणावर येतं,” म्हणे. बायकांनी त्याचं नाव कडीसाहेब ठेवलं होतं. तोंडावर साहेब, माघारी कडी.

एके दिवशी त्याने ताईला आत घातलं आणि त्याला वरून बोलावणं आलं. तो गेला आणि विसरला. चाळीस मिनिटांनी दुसऱ्या एका बाईने कडी काढली तेव्हा ताई बेशुद्ध होती आणि तिचा डावा हात पाइपवर पडलेला होता. डॉक्टरांनी हात वाचवला, पण तीन बोटं जी वाकली ती वाकलीच.

खटला उभा राहिला. धाकटी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. कडीसाहेबाच्या वकिलाने ताईला हाताबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याने विचारलं, “याआधी तुम्ही एका हॉटेलात कामाला होता. तिथून का काढलं?”

“उशीच्या दोन खोळी...”

“घरी नेल्या होत्या?”

“उसवल्या होत्या, शिवायला म्हणून...”

“नेल्या होत्या की नाही?”

“नेल्या होत्या. पण...”

“धन्यवाद. बसा.”

मग धुलाईघरातल्या सहा बायका पुढे आल्या. आम्हालाही कोंडलं होतं, आम्हाला सांगू द्या, म्हणाल्या. न्यायाधीश म्हणाले, इतर वेळी काय झालं ते इथे नको, खटला त्या एका दिवसाचा आहे. सहाही जणी बाहेरच्या बाकावरून घरी गेल्या. दाराची कडी सैल आहे, आपोआप पडते, असं कडीसाहेबाने सांगितलं. त्याने ती मुद्दाम लावली असं सांगणारी एकटी ताई होती, आणि ताई खोळी नेणारी होती. तो निर्दोष सुटला. पायऱ्यांवर त्याने आपल्या वकिलाचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, तो हलवलेला हात धाकटीने पाहिला.

ताईचा नवरा लवकर गेला होता. तेव्हापासून दोघी बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहत. ताई त्या दिवसाबद्दल कधी बोलत नसे. फक्त घरात उशीला खोळ घालायची वेळ आली की ती धाकटीला हाक मारी. “तू घाल गं. मला जमत नाही.” एका हाताने तिला कणीक मळता येई, भांडी घासता येत. खोळ मात्र जमत नसे.

इस्त्रीबाईच्या खोलीत येणाऱ्या वकिलांत एक म्हातारे होते. ते चालता चालता स्वतःशीच युक्तिवाद करत, म्हणून सगळे त्यांना पुटपुटे वकील म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी ते पट्ट्यांसाठी थांबले होते, तेव्हा तिने त्यांना विचारलं.

“वकीलसाहेब, साक्षीदाराच्या दोन खोळी निघतात आणि आरोपीच्या सहा बायका निघत नाहीत, हा कुठला न्याय?”

“सहा बायका?” पुटपुटे म्हणाले. “मग त्याला आणखी शिक्षा कशाला हवी?” ते एकटेच हसले, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबले. “बसा बसा. नाही, तुम्ही उभ्याच असता. सांगा नीट.”

तिने सांगितलं. ते पुटपुटत ऐकत राहिले.

“नियम वाईट नाही, बाई,” शेवटी ते म्हणाले. “माणसाने आज काय केलं ते बघायचं. काल काय केलं ते ऐकवलं की न्यायाधीशाचं मन आधीच एका बाजूला कलतं. मग आजचा पुरावा कोण बघतो? उद्या तुमच्यावर आळ आला तर तुमचं जुनं कोणी उकरू नये, म्हणून आहे तो.”

“माझ्या ताईचं उकरलं की.”

“ती आरोपी नव्हती. साक्षीदार होती. साक्षीदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर तो शब्द तपासावा लागतो.”

“म्हणजे कडी लावणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, आणि आत अडकली तिच्या शिवणी उसवायच्या.”

पुटपुट्यांनी पट्ट्या गळ्याला लावून बघितल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. “एक फट आहे,” ते म्हणाले. “आरोपीने स्वतःच उभं राहून आपली टिमकी वाजवली, मी किती चांगला, माझ्या हातून कधी काही वावगं झालं नाही, असं म्हणाला, की मग समोरच्याला त्याचं जुनं काढायची मुभा मिळते. त्याने सुरुवात केली म्हणून. पण असं कोणी करत नाही. वकील आधीच दम देऊन ठेवतो, तेवढंच बोल म्हणून.”

“करत नाही कोणी?”

“मूर्ख करतात. आणि ज्यांना आपली आरशातली छबी फार आवडते ते करतात.”

तिने खळीत बोट घालून बघितलं. घट्ट झाली होती. तिने पाणी घातलं.

त्यानंतर ती त्या सहा जणींच्या मागावर लागली. लागली म्हणजे काय, संबंध ठेवले. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या नवऱ्याचं दुखणं, ती हजर. सहांपैकी एक वारली. एक मुलाकडे दूरच्या गावी गेली. एकीने दार उघडलं, नाव ऐकलं आणि लावून घेतलं. उरल्या तिघी. एक शाळेच्या स्वयंपाकघरात होती, एक त्याच इस्पितळात वॉर्ड पुसत होती, एक नातवंडं सांभाळत होती. तिघींनाही तिने एकच सांगून ठेवलं होतं, “कधीतरी बोलावीन. तेव्हा या.” नातवंडंवाली म्हणाली होती, “अगं, तोवर मी उरेन का?” “उरायचं,” इस्त्रीबाई म्हणाली.

आणि बावीस वर्षांनी कडीसाहेब आला.

आला म्हणजे तिच्या दारातच आला. आता तो सुपरवायझर नव्हता, धुलाईघराचा व्यवस्थापक होता, सत्तावन्न वर्षांचा, निवृत्तीला वर्ष उरलेलं. हातात राखी कोट. “बाई, जरा इस्त्री मारून देता? आत जायचंय,” तो म्हणाला. तिने मान वर केली नाही. तो आवाज तिने बाकावर बसून एकदा ऐकला होता, तेवढा पुरे होता.

खटला पुन्हा तोच होता. दार नवं, यंत्रं नवी, कडीच्या जागी चपटा लोखंडी अडसर, पण खोड जुनी. बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोरीला त्याने आत कोंडलं होतं. तिला दमा होता. ती वाचली, पण आता जिन्याच्या चार पायऱ्या चढली की धाप लागून खाली बसत होती.

“काय साहेब, कुठला खटला?” इस्त्रीबाईने कोट उलटा करत विचारलं.

“फालतू. एका पोरीने आळ घेतलाय.”

“तुमच्यावर?” तिने कोट खाली ठेवला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा उचलला. “तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही हो.”

त्याला बरं वाटलं. ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं.

त्यानंतर दर तारखेला तो तिच्याकडे आला. एकूण अकरा तारखा. माणूस नुसत्या सदऱ्यावर अवघडून उभा राहतो आणि त्याचा कोट दुसऱ्याच्या हातात असतो, तेव्हा त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. तिने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली, पण घाईने नाही. ओलं फडकं टाकून उचलून उचलून. एका तारखेला म्हणाली, “एवढ्या बायकांना सांभाळायचं म्हणजे खायचं काम नाही.” पुढच्या तारखेला, “तुमच्या हाताखाली शिस्त शिकल्या असतील सगळ्या.” त्याने तिला सांगितलं की त्याला दोनदा उत्तम व्यवस्थापनाचं मानपत्र मिळालं आहे. तिने ते बघायला मागितलं. त्याने पुढच्या तारखेला फ्रेमसकट आणलं. ती हात पुसून ते बघत राहिली. “हे कोर्टाला दाखवलंत?”

“वकील नको म्हणतो.”

“असं का बरं?”

“त्याला कळत नाही.”

“कळत असेल हो,” ती म्हणाली. “पण न्यायाधीशांना तुम्ही कोण हे कळायला नको?”

घरी ताईला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ती जेवताना विचारी, “आज कोण आलं होतं?” आणि धाकटी इतर सगळ्यांची नावं सांगे.

पोरीची उलटतपासणी सातव्या तारखेला झाली. वकील नवा होता, पण विचारण्याची तऱ्हा तीच. पोरीने नोकरीच्या अर्जात दहावी पास असं लिहिलं होतं, ती नापास होती.

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं?”

“नोकरी हवी होती, साहेब.”

“खोटं लिहिलं की नाही?”

“लिहिलं.”

पोरगी बाहेर आली आणि इस्त्रीबाईच्या खोलीत स्टुलावर बसून रडू लागली. रडण्यातसुद्धा तिला धाप लागत होती. इस्त्रीबाईने तिला पाणी दिलं, समजूत घातली नाही. तिचं पोरीकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, आणि ते प्रेमळ नव्हतं. या पोरीच्या दम्याहून ताईची तीन बोटं तिला जवळची होती.

त्याच दुपारी सरकारी वकीलबाई गाऊन घ्यायला आल्या. तरुण, तरतरीत, काखा नेहमी कोरड्या. इस्त्रीबाईने गाऊनबरोबर एक कागद दिला. तीन नावं, तीन पत्ते.

“या कोण?”

“यांनाही त्याने कोंडलं होतं. आधी.”

वकीलबाईंनी कागद वाचला आणि सुस्कारा टाकला. “बाई, मला हे वापरता येणार नाही. त्याचं जुनं...”

“ठाऊक आहे. पण तो स्वतःच म्हणाला की मी धुतल्या तांदळासारखा, तर?”

वकीलबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “त्याचा वकील कच्चा नाही. तो त्याला बोलू देणार नाही.”

“बोलेल.”

“कशावरून?”

“कोटावरून कळतं,” इस्त्रीबाई म्हणाली.

वकीलबाई हसल्या, पण कागद घडी करून ठेवला.

अकराव्या तारखेला त्याची स्वतःची साक्ष होती. तिघी जणी सकाळपासून वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या बाकावर बसल्या होत्या. इस्त्रीबाईने त्यांना आडबाजूला बसवलं होतं. आणि आज पहिल्यांदाच कडीसाहेब एकटा आला नाही. त्याचा वकील त्याच्याबरोबर आत आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “पुन्हा सांगतो. त्या दिवशी तुम्ही ऑफिसात होता. अडसर कोणी लावला ठाऊक नाही. कळल्याबरोबर धावत गेलात. डॉक्टरला बोलावलंत. चार वाक्यं. पाचवं नको. आपल्याबद्दल एक शब्द नको. समजलं?”

“समजलं.”

“मानपत्र घरी आहे ना?”

“घरी.”

“शाबास.” वकील गेला.

बावीस वर्षं आणि दहा तारखा, आणि हा माणूस शहाण्या पोरासारखा चार वाक्यं बोलून खाली उतरणार. कॉलर तेवढी उरली होती. कॉलरला तीन मिनिटं लागतात. आता झाडावर चढवून उपयोग नव्हता. चढलेला तो आधीच होता, फक्त गप्प बसायला शिकला होता.

ती म्हणाली, “बरोबर आहे वकिलांचं. तुम्ही गप्पच राहा, साहेब.”

“हं.”

“तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. आणि बायकांचं काय, त्या बोलतच असतात.”

“कुठल्या बायका?”

“अहो, सोडा. बाहेर त्या पोरीच्या बरोबरच्या दोघी बोलत होत्या. साहेब आज तोंड उघडत नाहीत बघ, म्हणे. बोलायला आहे काय त्यांच्यापाशी. इतकी वर्षं नुसती खुर्ची उबवली.” तिने कोट झटकला. “हात घाला.”

त्याने हात घातले. त्याचे कान लाल झाले होते. तिने पाठीमागून कॉलर सारखी केली, खांद्यावरचा एक धागा उचलला आणि त्याला सोडलं.

मग टेबलावरची इस्त्री उभी करून, खोलीला कुलूप लावून ती वर गेली. तेविसाव्या वर्षी या इमारतीत कामाला लागल्यापासून तिने चौथ्या दालनात पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं, आणि मागच्या बाकावर बसली.

पहिली तीन वाक्यं त्याने म्हटली. चौथंही म्हटलं. त्याचा वकील “बस, एवढंच” म्हणून वळला. सरकारी वकीलबाई उठल्या आणि अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “अडसर कोणी लावला ते तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.” आणि मग, कोणी न विचारता, छाती पुढे काढून, “मी कशाला लावीन? तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून एकाही बाईला कधी त्रास झालेला नाही. एकीलाही नाही. मला दोन मानपत्रं मिळाली आहेत. विचारा कोणालाही.”

त्याच्या वकिलाने डोळे मिटले.

वकीलबाईंनी घडी केलेला कागद उलगडला. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, “आरोपीच म्हणतात, कोणालाही विचारा. मला तीन जणींना विचारायचं आहे.”

दोन्ही वकिलांची बराच वेळ झकाझकी झाली. न्यायाधीशांनी जाडजूड पुस्तक मागवलं, पानं उलटली, चष्मा काढला, घातला. मग म्हणाले की आरोपीने आपल्या वर्तनाचा विषय आपणहून काढला आहे, तेव्हा त्याचं उत्तर ऐकावं लागेल.

वॉर्ड पुसणारी आधी आली. कधी, किती वेळ, कशासाठी, सगळं तिने सांगितलं. कडीसाहेबाच्या वकिलाने तिलाही काहीबाही विचारलं, पण तिच्या मागे खोळ नव्हती, अर्ज नव्हता. नातवंडंवाली आली ती साक्षीच्या पिंजऱ्यातून सरळ कडीसाहेबाकडे बघून म्हणाली, “ओळखलंत? मी उशिरा आले होते, सात मिनिटं. तुम्ही मला सतरा मिनिटं ठेवलंत.” न्यायाधीशांनी तिला दटावलं की माझ्याकडे बघून बोला. ती म्हणाली, “तुमच्याकडे कशाला बघू, तुम्ही कुठे कोंडलं होतं मला?” दालनात हशा पिकला. मागच्या बाकावर इस्त्रीबाई हसली नाही. ती त्याच्या मानेकडे बघत होती. आपण दाबलेल्या कॉलरवर मान कशी ओली होत जाते ते ती बघत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं. तिसरी झाली. मग वकीलबाईंनी जुन्या दप्तरातून ताईचं प्रकरण काढायचा प्रयत्न केला. न्यायाधीश म्हणाले, नाही. त्या प्रकरणात हे निर्दोष सुटले आहेत. ते इथे यायचं नाही.

जेवणाच्या सुटीत तो खाली आला. कोट हातात नव्हता, अंगावरच होता, चुरगळलेला.

“तू,” तो म्हणाला. “तू मला मुद्दाम...”

“मी कोट इस्त्री केला, साहेब.”

“कोण आहेस तू?”

“बावीस वर्षांपूर्वी तुमच्या पाइपवर जिची तीन बोटं वाकली, तिची धाकटी बहीण.”

तो आठवायला लागला. खरोखर आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. “तो खटला मी जिंकलो होतो.”

“हो ना,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी हरले होते. मी तुम्हाला आवाजावरून ओळखलं.”

त्याला काही बोलायचं होतं, पण त्याचा वकील जिन्यावरून त्याच्या नावाने ओरडत आला आणि दंडाला धरून घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. दोषी. तीन वर्षं.

संध्याकाळी खोली बंद करायच्या वेळी पुटपुटे वकील आले. त्यांचा गाऊन तयार होता, पण त्यांनी तो उचलला नाही. “कोणी सांगितलं नाही मला,” ते म्हणाले, “पण अकरा तारखा मी इथून येता-जाता बघत होतो. राखी कोट. अस्तराच्या बाजूनेसुद्धा नीट दाबायचात तुम्ही. आमचे घाईत असले की नुसते वरून.”

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं.

“एक विचारतो. या वेळी त्याने खरंच केलं नसतं तर? पोरगीच खोटं बोलत असती तर? त्या तिघींचं ऐकून न्यायाधीशांचं मन कललंच असतं. नियम आहे तो एवढ्याचसाठी आहे, बाई. तुमच्यासारख्यांसाठी.”

इस्त्रीबाईने इस्त्रीची वायर गुंडाळली. तिने विचार केला, आणि प्रामाणिकपणे केला, कारण म्हातारा भला माणूस होता.

“मग त्याने कोट दुसरीकडे द्यायचा होता,” ती म्हणाली.

पुटपुट्यांनी गाऊन खांद्यावर टाकला आणि काहीतरी पुटपुटत गेले. त्यानंतरही ते येत राहिले. पण तिच्यासमोर बसून त्यांनी युक्तिवाद म्हणणं बंद केलं.

ताईला तिने निकालाच्याच दिवशी सगळं सांगितलं. ताईने पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग उसळली.

“अकरा वेळा? अकरा वेळा त्याच्या कोटावर हात फिरवलास? माझ्यापासून लपवून?”

“तुला सांगितलं असतं तर तू कोर्टात येऊन बसली असतीस. तुला बघून तो सावध झाला असता.”

“एकदा तरी कॉलर जाळायची नाहीस?”

“जाळली असती तर परत आला असता का?”

ताई बराच वेळ चरफडत भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, “निकालाचा कागद मिळतो का गं?”

मिळतो. महिन्याभराने मिळाला, एकोणतीस पानं. रविवारी सकाळी धाकटीने खिडकीशी बसून वाचायला घेतला. ताई समोर बसली. वकिली भाषेत वाक्यं लांबलचक होती, अर्धी ताईला कळत नव्हती, पण तिने एक पान गाळू दिलं नाही. तिघी जणींची नावं आली, वडिलांच्या नावासकट, वयासकट. प्रत्येक नाव आलं की ताई मान हलवी. पोरीचं नाव आलं. अर्जातलं खोटं आलं, आणि त्याच्यापुढे असंही आलं की तेवढ्यावरून तिची साक्ष फेटाळता येत नाही.

“हे आलं?” ताई म्हणाली. “तेवढ्यावरून फेटाळता येत नाही, असं?”

“असंच लिहिलंय.”

“हं.”

एकोणतिसावं पान संपलं. खाली सही होती, शिक्का होता.

“माझं कुठे आहे?”

“तुझं नाहीये, ताई. तुझ्या वेळी तो सुटला होता. सुटलेल्याचं आणता येत नाही.”

“एका ओळीतही नाही?”

“नाही.”

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी सतरंजी झोडपत होतं. धाकटी कागद गोळा करू लागली, तेव्हा ताईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“बरं,” ती म्हणाली. “पुन्हा वाच. तो ‘विचारा कोणालाही’ म्हणतो ना, तिथपासून. आणि सावकाश.”